वेलकरांचे दोन हेडफोन

शांताने मनमोहन वेलकरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते तिच्या चाळीच्या आवारात भर दुपारी डोळे मिटून टाळ्या वाजवत उभे होते. एक टाळी वाजवायची, कान देऊन थांबायचं, थोडं सरकायचं, पुन्हा एक टाळी. पांढरी पँट, इस्त्रीचा बुशशर्ट, पायात चकचकीत बूट. डिलाईल रोडला असा माणूस दिसला की तो विमा एजंट असायचा, नाहीतर घरमालकाचा भाडं वसूल करणारा भय्याजी. शांता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तांदूळ निवडत होती. शेजारचा गुणाजी कठड्यावर ओणवा होऊन बघत होता.

"खोली घेवक इलो वाटता," तो म्हणाला. "भिंती पक्क्यो आसत काय, ता बघता हा."

गॅलरीतल्या बायका हसल्या. वेलकरांनी डोळे उघडले, वर पाहिलं आणि जराही न ओशाळता विचारलं, की लवू घाडी इथेच राहतात ना?

लवू घाडी म्हणजे शांताचा नवरा. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा आणि पोवाडे गायचा. दादरच्या एका स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यात मागे गलका भरायला माणसं हवी होती, म्हणून लवू आणि त्याची मंडळी एकदा तिकडे गेली होती. वेलकर त्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचे. गलक्यातून त्यांनी लवूचा आवाज नेमका वेचला, आणि काम संपल्यावर विचारलं, तुम्ही एरवी कुठे गाता? लवू म्हणाला, आमच्या आवारात. मग आवार बघायला येतो, असं वेलकर म्हणाले. लवूला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण ते खरंच आवार बघायलाच आले होते. गाणाऱ्याला भेटले ते नंतर.

वेलकर ठाकूरद्वारचे, पाठारे प्रभू. घरात तीन पिढ्या सरकारी कचेरीतल्या. हा मुलगा मात्र वायरी आणि मायक्रोफोन यांच्या नादी लागला म्हणून वडील त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलायचे. हे त्यांनी शांताला पहिल्याच चहाला सांगून टाकलं. बोलताना ते समोरच्याकडे बघत नसत, कान पुढे करत. आधी शांताला ते उद्धटपणाचं वाटलं. नंतर कळलं, की माणसाकडे नीट लक्ष द्यायची त्यांची रीतच तशी होती.

त्यांना ते आवार का हवं होतं, हे समजायला लवूच्या मंडळींची चाल माहीत हवी. पोवाड्यात गाणाऱ्याच्या मागे दोघंचौघं झीलकरी उभे राहतात आणि ओळ संपली की सूर उचलून धरतात. लवूच्या चाळीत मात्र झील सगळी चाळ धरायची. समोरासमोर दोन इमारती, मध्ये फरसबंद आवार. लवूने ओळ टाकली की आधी या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरून झील यायची, पुढच्या ओळीला त्या इमारतीवरून. नळाच्या पाण्यावरून या दोन इमारतींचं कधी पटलं नव्हतं. दहीहंडीसुद्धा वेगवेगळी. पण लवू आवारात उभा राहिला की दोन्हीकडच्या बायकापोरांना आपापली पाळी बरोबर कळायची. वेलकर म्हणाले, मुंबईत इतकं मोठं वाद्य दुसरं नसेल.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी लवू आणि शांताला स्टुडिओत बोलावलं. आतली एक खोली होती, भिंतींना गोणपाट ठोकलेलं. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येई. आवारात एका संध्याकाळी घेतलेला लवूच्या गाण्याचा तुकडा त्यांनी यंत्रावर चढवला आणि शांतापुढे दोन हेडफोन ठेवले. एक लढाईच्या वेळचा, जाड रबरी वाट्यांचा, कान पुरता झाकून टाकणारा. दुसरा त्यांनी स्वतः केलेला. वाट्यांची मागची झाकणं काढून तिथे चहाच्या गाळणीची जाळी बसवली होती.

शांताने आधी बंद लावला. लवू गायला लागला तशी ती दचकली. आवाज इतका जवळ होता की श्वास घेताना त्याच्या घशातली खरखरही कळत होती. पण तो समोर नव्हता. दोन कानांच्या मध्ये, कपाळाच्या आत कुठेतरी होता. मग तिने जाळीचा लावला. तोच तुकडा, तोच आवाज. खरखर कमी झाली, आणि लवू बाहेर आला.

"कसं वाटलं?" वेलकरांनी विचारलं. या वेळी मात्र ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

शांता जरा लाजली. मग म्हणाली, "पहिल्यात हे माझ्या डोक्यात बसून गातायत. ह्याच्यात अंगणात उभे आहेत. झील पाठीमागून येते."

वेलकरांनी खुर्चीवरून उठून लवूचा हात हातात घेतला. स्टुडिओत किती दिवस मी हेच सांगतोय, ते म्हणाले, पण सगळ्यांना बंदच आवडतो, कारण त्यात बारीक चूक सापडते. चूक सापडते हे खरंच आहे. पण गाणं कुठे चाललंय ते उघड्या जोडातच कळतं. तेव्हापासून ते जाळीच्या जोडावर विसंबले. शांत खोलीत तो त्यांना कधीच खोटा ठरला नव्हता.

त्याच थंडीत लवूचा आवाज बसला. आधी तपकीर सोडली, मग काढे झाले. शेवटी परळच्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला आणि शांताला बाजूला घेऊन सांगितलं, की आवाजाची पेटीच काढावी लागेल. माणूस वाचेल. बोलणं, गाणं संपेल. तोवर घशाला ताण देऊ नका. गाणं तर अजिबात नको.

शांताने हे लवूला सांगितलं तेव्हा त्याने भिंतीवरचा डफ उतरवून मांडीवर घेतला. म्हणाला, "वेलकराक कळव."

आणि नेमकी तीच जानेवारी छप्पन्नची. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवरून जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. गोळीबार झाले. संचारबंदी लागली. डिलाईल रोडवर काचा आणि दगड पसरले होते, आणि कुणाच्या घरचं कोण परत आलं नाही याच्या बातम्या गॅलऱ्यांतून दबक्या आवाजात फिरत होत्या. लवूचं ऑपरेशन त्यामुळे पुढे गेलं. मग निरोप आला, उद्या सकाळी या.

म्हणजे हातात होती ती एक दुपार. संचारबंदी दुपारी थोडा वेळ उठायची, पण जमावबंदी कायम होती. पाच माणसं एकत्र दिसली की गाडीत घालत. लवू मोर्च्यांतून गायलेला माणूस, त्याचं नाव चौकीत ठाऊक होतं. तो आज पकडला गेला तर उद्याचं ऑपरेशन चुकणार होतं. आणि आज गायला नाही, तर तो आवाज पुन्हा कुणाला ऐकायला मिळणार नव्हता; स्टुडिओत ऐकलेल्या तुकड्यावर कधीच दुसरं गाणं चढलं होतं. शांताला दोन्ही हवं होतं, माणूसही आणि आवाजही.

वेलकर दादरहून हातगाडी ढकलत आले. बरोबर गुणाजी. गाडीवर गादीची वळकटी आणि वळकटीच्या आत स्टुडिओचं यंत्र. दंगलीमुळे स्टुडिओ बंद होता, किल्ली वेलकरांकडे होती. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. नाक्यावरच्या पोलिसाला गुणाजीने सांगितलं होतं, की बाळंतिणीची गादी आहे.

भजनी मंडळाच्या खोलीतून वीज घेतली. लवूला आवारात स्टुलावर बसवलं, गळ्याला मफलर, पुढ्यात मायक्रोफोन. त्याचा आवाज बारीक झालेला म्हणून वेलकरांनी मायक्रोफोन त्याच्या अगदी तोंडाशी आणला. मागच्या बाजूला यंत्र होतं, म्हणून झीलकरी डाव्या-उजव्या हाताला उभे राहिले. गुणाजी फाटकात. पोलीस दिसले तर त्याने शीळ घालायची. शीळ ऐकू यावी म्हणून वेलकरांनी बंद जोड पिशवीत ठेवला आणि जाळीचा कानाला लावला.

लवू गायला. हळू सुरुवात केली, मग राहवेना तसा मोकळा झाला. गॅलऱ्यांमध्ये माणसं दाटली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं तरी झील दोन्ही बाजूंनी पाळीपाळीने आली. शांता लवूच्या गळ्याकडे बघत होती. प्रत्येक उंच सुराला त्याच्या मानेची शीर फुगायची आणि तिची मूठ आवळली जायची. वेलकरांचे डोळे मिटलेले, तोंडावर समाधान. शेवटची ओळ झाली, लवूने रुमाल तोंडाला लावला. रुमालावर लाल ठिपका पडला, तो त्याने मुडपून शांतापासून लपवला. तिने पाहिला होता.

वेलकरांनी फीत मागे फिरवून ऐकायला घेतली. थोडा वेळ गेला, आणि शांताला दिसलं की त्यांच्या तोंडावरचं समाधान उतरत चाललंय. त्यांनी पिशवीतून बंद जोड काढला, तो लावला, पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि खाली बघत बसले.

ते गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. चाळीत कुणी यंत्रावरचा आवाज ऐकलेला नव्हता. पण शांताने ऐकला होता. ती पुढे झाली, बंद जोड उचलून कानाला लावला आणि म्हणाली, लावा.

लवू होता. स्पष्ट, जवळ. पण आवार नव्हतं. गॅलऱ्या नव्हत्या. जिथे झील यायची तिथे लांब कुणीतरी कण्हल्यासारखं काहीतरी होतं आणि मग पोकळी. कपाटात कोंडून एकट्याला गायला लावावं तसा लवू गात होता.

"तुम्ही ऐकत होतात ना?" ती म्हणाली. "मग काय ऐकलंत?"

"मी आवार ऐकलं, वहिनी," वेलकर म्हणाले. "मशीनने ऐकलं नाही."

मग त्यांनी सांगितलं, काय झालं ते. हा मायक्रोफोन पुढचं ऐकतो, मागचं ऐकतो, दोन्ही कुशींचं ऐकत नाही. झीलकरी नेमके कुशींना होते आणि गॅलऱ्याही त्याच बाजूंना. बंद जोड असता तर पहिल्याच ओळीला कळलं असतं. पण कानावर जाळी होती. खरी झील हवेतून थेट कानात येत होती आणि ती फितीवर जातेय असं त्यांना वाटत राहिलं. शीळ ऐकू यावी म्हणून कान उघडे ठेवले होते, आणि त्या उघड्या कानांनीच फसवलं. हे सांगताना त्यांनी आवाज कुठे खाली आणला नाही की कुणाची माफी मागितली नाही. ते फक्त एकदा लवूकडे बघून म्हणाले, की आवाज आलाय, लवूभाऊ. घरी ठेवायला तेवढा आहे.

लवूने हात पुढे करून हेडफोन मागितला. थोडं ऐकलं आणि काढून दिला.

"ह्यो माझो पोवाडो न्हय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "परत."

शांता चिडली. ती चारचौघांत नवऱ्याशी मोठ्याने बोलणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी बोलली. रुमाल दाखवा म्हणाली. उद्या डॉक्टर घसा उघडतील तेव्हा त्यांना काय सांगू, असं विचारलं. पोवाडा एकट्याचा निघाला तरी आवाज तुमचाच आहे ना, आणि मला तेवढाच हवाय. लवू ऐकून घेत राहिला. मग त्याने समोरच्या गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे जिच्याशी शांताचं गेल्याच आठवड्यात नळावर वाजलं होतं, ती रखमा कडेवर नातू घेऊन उभी होती. डोळे पुसत होती. तिची झील फितीवर आली नव्हती.

शांताने पदर कमरेला खोचला. मग वेलकरांकडे वळली. "शेवटचं कडवं. तेवढंच. आणि आवाज चढवायचा नाही."

वेलकर उठले. पंधरा वर्षांनी लहान झाल्यासारखे धावपळीला लागले. आता त्यांनी बंद जोड चढवला होता आणि तो लावूनच ते फिरत होते. मायक्रोफोन फिरवून एक तोंड या इमारतीकडे, दुसरं त्या इमारतीकडे केलं. लवूला त्यातल्या एका तोंडासमोर, दोन हात अंतरावर बसवलं. झीलकऱ्यांना आवारात ठेवलं तर लवूचा बारीक आवाज बुडत होता, म्हणून त्यांना वर पाठवलं, आधी पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या, शेवटी तिसऱ्या. गुणाजीलाही वर पाठवलं, कारण खालच्या पट्टीत झील धरणारा तो एकटाच. एकेकाला टाळी वाजवायला लावून ते मान हलवत. अजून मागे. अजून वर. आवार रिकामं होत गेलं.

मग ते शांताला म्हणाले, "वहिनी, हा लावल्यावर मशीन ऐकतं तेवढंच मी ऐकणार. आणि तेही सगळं डोक्याच्या मधोमध. कुठून आलं ते नाही कळायचं. पोलीस आले तर माझा खांदा दाबा. मी त्याच क्षणी बंद करीन, तुम्ही लवूभाऊंना घरात न्या."

ती त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

लवूने सुरुवात केली. अगदी खालच्या आवाजात, शेजारच्याशी बोलावं तसं. ओळ संपली, आणि या इमारतीवरून झील आली. मग त्या. वेलकरांचं लक्ष यंत्राच्या काट्यावर होतं, बोटं बटणावर. दुसरी ओळ. तिसरी. आणि शांताला फाटकात खाकी दिसली.

एक जमादार आणि मागे तिघे शिपाई, हातात लाठ्या. फाटकात आता कुणी नव्हतं, त्यामुळे शीळ झाली नाही. बूट फरशीवर वाजू लागले. वेलकरांच्या भुवया किंचित वर गेल्या. तो आवाज त्यांनाही आला होता, पण लवू, झील आणि बूट सगळं त्यांच्यासाठी एकाच जागी होतं. ते पाठीमागून येतंय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. गॅलऱ्यांनी मात्र पाहिलं. बायका एकेक करून कठड्याआड खाली बसल्या, वाळत घातलेल्या लुगड्यांच्या मागे. झील तरी थांबली नाही. तोंडं दिसेनाशी झाली, आणि सूर तसाच चालू राहिला.

शांताचा हात वेलकरांच्या खांद्यापासून वीतभर होता. दोन ओळी उरल्या होत्या. लवूने पोलिसांना पाहिलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ घेतली.

तिने हात खाली घेतला.

जमादार येऊन यंत्राजवळ उभा राहिला. त्याने आवारभर नजर फिरवली. एक गळ्याला मफलर गुंडाळलेला माणूस, एक कान झाकून बसलेला, एक बाई. जमाव म्हणावा असं काही नव्हतं. वर बघितलं तर वाळत घातलेली लुगडी आणि त्यांच्यामागून येणारा आवाज. आपापल्या घरात गाणाऱ्यांना कुठल्या कलमाखाली धरायचं? त्याने लाठी काखेत धरली आणि एकदा खाकरला. ते खाकरणंही फितीवर गेलं. शेवटची ओळ झाली. झील विरत गेली. वेलकरांनी हळूच बटण दाबलं, हेडफोन काढला आणि मान वळवली, तेव्हा त्यांना खाकी गुडघे दिसले.

"उद्या ह्यांचं गळ्याचं ऑपरेशन आहे," शांता जमादाराला म्हणाली. "ह्यांना न्यायचं असेल तर मला पण न्या."

त्याला लवूत रस नव्हता. त्याने विचारलं, मशीन कुणाचं? वेलकरांनी स्टुडिओचं म्हणून सांगितलं. कागद? कागद नव्हता. मग चला, जमादार म्हणाला. दंगलीत दुकानं फुटली होती. चोरीचा माल जिथे तिथे सापडत होता. वेलकरांनी शांतपणे चाक सोडवून फीत काढली आणि ही माझी आहे, स्टुडिओची नाही, म्हणून शांताच्या हातात दिली. जमादाराने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

जाताना वेलकर क्षणभर थांबले. "वहिनी, खांदा?"

"हात पुढे गेला नाही," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली, जणू तिने मायक्रोफोनबद्दल काहीतरी बरोबर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवूचं ऑपरेशन झालं. तो वाचला, पुढे गिरणीत झाडलोटीचं हलकं काम करून निवृत्त झाला, आणि खुणांनी आणि डफावर बोटं वाजवून बायकोशी भांडायलाही शिकला. वेलकरांना पोलिसांनी दोन दिवसांत सोडलं, पण स्टुडिओने ठेवलं नाही. न विचारता यंत्र बाहेर नेलं, हे खरंच होतं, आणि त्यांनी ते नाकारलं नाही. वडिलांनी त्यानंतर जेवतानाही बोलणं सोडलं. वेलकरांनी ठाकूरद्वारला जिन्याखालच्या जागेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं. डिलाईल रोडच्या माणसांचे रेडिओ ते आधी करून देत. फीत शांताच्या पेटीत पडून होती; ती वाजवायला चाळीत काही नव्हतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी वेलकरांनी कुठूनतरी जुनं यंत्र मिळवलं आणि दोघांना बोलावलं. दुकानाची फळी लावून घेतली, पंखा बंद केला. शांताने आधी बंद जोड लावून ऐकलं, मग जाळीचा. बंद जोडात लवूचा प्रत्येक श्वास होता. जाळीच्या जोडात तो स्टुलावर बसला होता, झील त्याच्या मागे उंचावर होती, एकदा जवळची, एकदा लांबची. डावं-उजवं त्या फितीत नव्हतं, पण जवळ आणि लांब होतं. मग बूट आले. ते जवळ येत येत थांबले तिथे तिच्या अंगावर पुन्हा काटा आला. लवूने ऐकलं तेव्हा तो शेवटपर्यंत दुकानाच्या फळीकडे बघत राहिला. मग त्याने वेलकरांची तपकिरीची डबी मागून घेतली, नुसती नाकाशी धरली आणि परत दिली.

लवूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शांता लेकाकडे डोंबिवलीला असते, फीत तिच्या पेटीत आहे. मनमोहन वेलकर मुलीकडे पार्ल्याला राहतात आणि दर गुरुवारी दाढी करायला बसने ठाकूरद्वारला येतात, कारण दुसऱ्या न्हाव्याचा हात त्यांना आवडत नाही.